मधला तुकडा

पंचवीस वर्षं त्या रस्त्यावर धाकटीला 'टेलरबाईंची बहीण' म्हणत. मग वर्षभरात चक्रं अशी काही फिरली, की लोक थोरलीलाच 'त्या कलाकार बाईंची बहीण' म्हणायला लागले. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसे. थोरलीच्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा, आणि तो लपवण्याइतकी ती चतुर नव्हती.

थोरलीचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, एक मशीन आणि दारावर 'आल्टरेशन करून मिळेल' अशी पाटी. पँट आखूड करणं, कॉलर उलटवून देणं, चेन बदलणं, असली कामं. नवीन कपडा ती शिवत नसे. येत नव्हता अशातला भाग नाही, पण दुसऱ्यानं बिघडवलेलं सरळ करण्यात तिला जी मजा यायची ती कोऱ्या कापडात येत नसे. माणसाशी बोलताना तिची नजर त्याच्या तोंडाकडे नसायची, शिलाईकडे असायची. लग्नाच्या दिवशी नवऱ्याचा कोट बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, तो "ही बाही कुणी बसवली?" असा. नवरा हे अजून चारचौघांत सांगतो आणि वर म्हणतो की तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुकानासमोर चौमजली होती. चौमजली म्हणजे एके काळी गावातलं सगळ्यात मोठं कपड्यांचं दुकान. खालपासून वरपर्यंत चार मजले कपडे, आणि घेतलेला कपडा तिथल्या तिथे मापाला बसवून द्यायची सोय तिसऱ्या मजल्यावर. त्या तिसऱ्या मजल्याच्या खोलीत या दोघींची आई तीस वर्षं बसली. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी शिवलेलं कुठून उसवलं होतं ते मूळ शिंप्यालाही सापडत नसे. थोरली सोळाव्या वर्षी तिच्या शेजारी बसायला लागली. आई ओरडायची नाही. टीप जरा हलली की ब्लेड पुढे सरकवायची, बस्स. थोरलीनं एक बाही नऊ वेळा उसवली आणि दहाव्यांदा आईनं ती हातात घेऊन काही न बोलता घडी घातली, तो दिवस थोरलीच्या आयुष्यातला फार मोठा दिवस. धाकटी तेव्हा त्याच खोलीत टेबलाखाली बसून कापडावर खुणा करायचा खडू चघळायची. एकदा तिच्या हातात सुई दिली तर तिनं शर्टाचा खिसा वरून शिवून बंद करून ठेवला.

मग गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं झाली, माणसं गाड्या घेऊन तिकडे जायला लागली आणि जुन्या बाजाराला उतरती कळा लागली. चौमजलीचं शटर खाली आलं ते बारा वर्षं वर गेलं नाही. पाठोपाठ बाकीची दुकानं गेली. राहिले ते थोरली, शेजारचा किल्लीवाला आणि खिडक्यांच्या फुटक्या काचा. संध्याकाळी सहानंतर त्या रस्त्यावरून बायका भरभर चालायच्या. किल्लीवाला रोज म्हणायचा की आता पुढच्या महिन्यात आपण पण गाशा गुंडाळणार, आणि थोरली म्हणायची की खुशाल जा, मी काही हलायची नाही.

अशात नगरपालिकेनं आणि कुठल्याशा संस्थेनं मिळून चौमजली ताब्यात घेतली. मजल्यांवर भिंती घालून खोल्या पाडल्या आणि त्या नाममात्र भाड्यानं कलाकारांना द्यायच्या ठरवल्या. अट एकच होती: दर शनिवारी दुपारी दार उघडं ठेवायचं, कुणीही आत येऊन काम बघावं. थोरलीला हसू आवरेना. दोन महिन्यांत रंगाचे डबे टाकून पळतात की नाही बघा, असं तिनं किल्लीवाल्याला छातीठोकपणे सांगितलं.

धाकटी तोवर शाळेत चित्रकला शिकवत होती आणि सुटीत जुन्या कापडांचे तुकडे जोडून काहीबाही करत होती. ती अर्ज घेऊन आली. एक नाही, दोन. म्हणाली, ताई, तू पण भर, आपण दोघी मिळून एक मोठी खोली मागू. थोरलीनं अर्ज बाजूला ठेवला. कागद चांगला जाड होता. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावर एका कॉलरचं माप काढलं आणि कापून टाकलं.

खोल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. थोरलीला कुणी काही सांगितलं नाही, तिला आपोआपच कळलं. एका सकाळी ती कात्री घेऊन दारात उजेडात उभी होती, तेवढ्यात समोर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बारा वर्षांनी उघडली आणि आतून धाकटीनं धुळीचं फडकं झटकलं. तीच खिडकी. आईच्या मशीनवर उजेड पडायचा ती. धाकटीनं वरून हात केला. थोरलीनं कात्री धरलेलाच हात वर केला आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं ते दुखायचं थांबेना. आणि दुखायला कारणं तरी किती. कलाकार पळून गेले नाहीत. त्यांना चहा लागतो म्हणून कोपऱ्यावर चहाची टपरी आली. टपरीवर माणसं थांबायला लागली म्हणून नगरपालिकेनं दिवे दुरुस्त केले. शनिवारी दुपारी लोक मुलाबाळांना घेऊन यायला लागले, चांभार परत आला, फुलवाली बसायला लागली, आणि गाशा गुंडाळणाऱ्या किल्लीवाल्यानं पाटीला नवा रंग दिला. थोरलीकडे तर रांग लागली. कलाकारांइतके फाटके कपडे घालणारी जमात तिनं पाहिली नव्हती. एकाची पँट गुडघ्यात फाटलेली, दुसरीच्या एप्रनचे बंद तुटलेले, एकाच्याही जॅकेटची चेन धड चालेल तर शपथ. आणि प्रत्येकजण आत पाऊल टाकताना म्हणायचा, तुमच्या बहिणीनं पाठवलं. थोरली ओठ घट्ट मिटून काम घ्यायची आणि दुप्पट सुबक करून द्यायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, की धंदा वाढलाय आणि तुझं तोंड उतरलंय, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, तुला नाही कळायचं. तो म्हणाला, मला चांगलं कळतंय, म्हणून तर विचारलं.

हेही एक वेळ चाललं असतं. पण मग पेपरात धाकटीचा फोटो आला, त्या खिडकीत बसलेला. शेवटचा परिच्छेद थोरलीनं चार वेळा वाचला. धाकटी म्हणत होती, 'हा हात मला आईकडून मिळाला.'

हात! थोरलीनं पेपर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. खोली घे, खिडकी घे, फोटो काढून घे. पण हात? हात कुणाला मिळाला हे या रस्त्यावर चिमण्यांनासुद्धा ठाऊक होतं. एक बाही नऊ वेळा कुणी उसवली होती? आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत थोरलीला बाकी कशाचा आधार वाटला नव्हता, तो एवढ्याचाच: आईचं घर गेलं, मशीन भंगारात गेलं, पण आईचा हात माझ्यापाशी आहे. शेवटचं वर्षभर आई धाकटीकडे राहिली, कारण थोरलीचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तेव्हा आईला नीटसं दिसत नव्हतं आणि तिनं सुई खाली ठेवली होती. म्हणजे धाकटीला मिळायला उरलं तरी काय होतं? थोरलीनं हे सगळं इस्त्री करता करता मनातल्या मनात धाकटीला इतक्यांदा ऐकवलं, की एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला डाग पडता पडता राहिला.

पंधरा दिवसांनी चौमजलीत सगळ्या खोल्यांचं मिळून मोठं प्रदर्शन ठरलं. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, धाकटी धापा टाकत दुकानात आली. मोठं कापड भिंतीवर टांगायचं होतं. वरच्या कडेला दांडी जाईल अशी लांब नळी शिवून हवी होती आणि तिच्याच्यानं आठ फूट सरळ टीप जन्मात होणार नव्हती. तिला छापखान्यातून नावांची कार्डं आणायला जायचं होतं. तिनं टेबलावर किल्ली ठेवली आणि गेलीसुद्धा. थोरली त्या किल्लीकडे बघत राहिली. म्हणजे सरळ टीप मारायला मी, आणि हात मात्र हिचा.

बारा वर्षांनी ती त्या खोलीत शिरली. भिंती पांढऱ्या केल्या होत्या, पण जमिनीवर आईच्या मशीनच्या पायांचे चार खड्डे तसेच होते. तिला बसवेना, म्हणून तिनं उभ्यानंच कापड टेबलावर पसरलं. चौमजलीच्या गोदामात सापडलेले नमुन्याचे तुकडे एकमेकांना जोडलेले होते. रंग बरे होते, तेवढं तिनं कबूल केलं. जोड वाकडे होते, त्याकडे तिनं दात-ओठ खाऊन दुर्लक्ष केलं. नळी शिवून झाली. आणि मग तिची नजर मधल्या तुकड्यावर गेली.

उशीएवढा राखाडी तुकडा, त्यावर निळ्या दोऱ्यानं धावदोरा घातलेला. पण तो धावदोरा होता की थट्टा? ओळ सुरू व्हायची एकीकडे आणि जायची भलतीकडे. एक टाका बोटभर लांब, पुढचा तिळाएवढा. एका जागी सहा टाके एकावर एक, आणि मग वीतभर काहीच नाही. दोन ओळी तर एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. आणि हे बरोबर मधोमध, उद्या शंभर माणसं जिथे बघणार तिथे. याला म्हणे आईचा हात!

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीच्या मनात दोन गोष्टी होत्या. आईच्या नावाला बट्टा लागू नये, ही एक. ही तिनं स्वतःला मोठ्यानं सांगितली. दुसरी तिनं सांगितली नाही, पण तीच जास्त जोरात होती: उद्या लोकांनी या एवढ्या पसाऱ्यात याच तुकड्यापुढे थांबावं, आणि धाकटीला उभ्या जागी कळावं की हात कुणाचा आहे.

तिनं ब्लेड काढलं. एकेक निळा टाका कापला, चिमटीनं ओढला. मग तसाच निळा दोरा ओवून नव्यानं धावदोरा घातला. दोन दोन बोटांवर एक ओळ, अशा बारा ओळी, सगळे टाके मुगाच्या दाण्याएवढे, एकसारखे. उन्हं टेबलावरून जमिनीवर उतरली तरी तिला पत्ता नव्हता. इतकं चांगलं काम तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. शेवटी मागच्या बाजूनं ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली, म्हणजे जुन्या टाक्यांची भोकं मिटतात. आईनंच शिकवलेलं होतं ते. केर काढला, दोऱ्याचे तुकडे खालच्या पिंपात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली धाकटीच्या घरी पत्रपेटीत टाकून आली. रात्री तिला शांत झोप लागली.

शनिवारी सकाळी मात्र तिला राहवेना. काहीतरी निमित्त काढून ती जिना चढली. कापड भिंतीवर लागलं होतं. धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती, हातात छापलेलं कार्ड.

"ताई, हे तू केलंस?"

"वाकडं होतं," थोरली म्हणाली. "म्हटलं, तुझंच हसं नको व्हायला."

"ते माझं नव्हतं. आईचं होतं."

थोरलीला आधी वाटलं की ही काहीतरी बनवतेय. आईनं तर सुई ठेवली होती, तिनं स्वतःच सांगितलं होतं. मग धाकटीनं सांगितलं. रोज जेवण झालं की आई खिडकीत बसायची. दिसत काहीच नव्हतं. बोटानं मागचा टाका चाचपायचा आणि त्याच्या पुढे सुई घालायची. दोरा संपला हे कळायचं नाही, मग नुसतीच सुई वीतभर चालायची. मध्ये थांबून जागा विसरली की पुन्हा त्याच जागी टाके घालायची. वर्षभर हेच चाललं होतं, त्या एकाच तुकड्यावर.

"मला कशी कधी दिसली नाही? मी दर रविवारी येत होते."

धाकटीनं हातातलं कार्ड मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तुझी पावलं ऐकली की उशीखाली सरकवायची. मला म्हणायची, ताईला दाखवू नकोस. ती बघेल आणि उसवेल."

थोरली भिंतीपाशी गेली. तिनं तो तुकडा उजेडाकडे तिरका धरला, नखानं चाचपला, उलटून मागनं बघितला. जुनी भोकं सापडली असती तर त्यातूनच पुन्हा दोरा घालता आला असता, तसाच वाकडा. एकही सापडलं नाही. इस्त्री चांगली झाली होती.

"दोरा कुठाय?" धाकटीनं विचारलं.

"केरात. गाडी आली असेल सकाळी."

"तुला ही खोली हवी होती तर सांगायचंस ना गं," धाकटी म्हणाली. "मी दिली असती. मी तर अर्जच दोन आणले होते." मग ती उठली, कार्डाला चिकटपट्टी लावली आणि ते कापडाशेजारी भिंतीवर दाबून बसवलं. असू दे, म्हणाली, दुसरं कार्ड छापायला आता वेळ नाही, आणि कुणाला कळणार नाही. कार्डावर लिहिलं होतं, 'मधला राखाडी तुकडा: आईनं शेवटच्या वर्षी, दिसत नसताना घातलेले टाके.'

थोरलीला खरं तर घरी जायचं होतं, पण पाय निघेना. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. तिला लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेच्या खालून तो जुनाच मत्सर पुन्हा वर येत होता, आणि आता तो खोलीचा नव्हता, पेपरातल्या फोटोचाही नव्हता. त्या वर्षभरातल्या सगळ्या दुपारी धाकटीच्या वाट्याला गेल्या होत्या. चुकत, चाचपडत शिवणारी आई तिला बघायला मिळाली होती. थोरलीला जी मिळाली ती कधीच चुकली नव्हती.

दुपारी जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं यायची, कापड बघायची, कार्ड वाचायची, आणि मधल्या तुकड्यापुढे थांबायची. थोरलीनं मागितलं होतं ते अगदी तसंच्या तसं घडत होतं. लोक एकमेकांना टाके दाखवत होते, मान हलवत होते. धाकटी दारापाशी उभी राहून सगळ्यांशी बोलत होती. कापडाकडे ती एकदाही वळली नाही.

चारच्या सुमारास काठी टेकत गल्लेवाल्या बाई आल्या. चौमजलीच्या तळमजल्यावर गल्ल्यावर बसायच्या त्या. आईबरोबर रोज डबा खायच्या. त्यांनी कार्ड मोठ्यानं वाचलं, नाक कापडाला लागेल इतक्या जवळ गेल्या आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"दिसत नव्हतं म्हणे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "अहो, बाईंना डोळे लागायचेच कशाला? हे बघा. हा बाईंचाच हात. झोपेतून उठवून विचारा मला. असा टाका दुसऱ्या कुणाला येणं शक्य नाही."

क्षणभर थोरलीला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सोळाव्या वर्षापासून तिला हेच ऐकायचं होतं, आणि ते असं, भर खोलीत, आईच्या खोलीत, जिला खरंच पारख आहे तिच्या तोंडून. तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीही तिच्याकडेच बघत होती. ती नाही बोलणार, हे थोरलीला कळलं. गप्प राहिलं असतं तर ते कार्ड आणि ते टाके एकमेकांशेजारी कायमचे खरे झाले असते.

ती स्टुलावरून उठली.

"काकू, हा हात माझा आहे," ती म्हणाली. "आईचे टाके मी काल उसवले."

गल्लेवाल्या बाईंना नीटसं समजलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं नाही की रुमालानं नाही, बोटानंच पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा कापडाजवळ गेल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांनी हळूहळू पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग बाईंचे कुठे आहेत?"

थोरलीनं कापडाकडे पाहिलं. समोर निळ्या दोऱ्याच्या बारा ओळी होत्या आणि त्यांतला एकही टाका चुकलेला नव्हता.